कंसात कंस, त्यात आणखी कंस!

मित्रमैत्रिणींनो, गणिताची वही काढा आणि हे उदाहरण सोडवा बघू : २ + ३ × ४ = किती?

कुणी म्हणेल २०, कुणी म्हणेल १४. ज्यांनी २० म्हटलं, त्यांना बाईंचा आवाज ऐकू येईल : "अरे, कंचेभागुबेव विसरलास का?" आधी कंस, मग 'चे', मग भागाकार, गुणाकार, बेरीज आणि शेवटी वजाबाकी. म्हणून आधी ३ × ४ = १२, मग त्यात २ मिळवायचे. उत्तर १४. हा नियम आपण पाठ करतो, परीक्षेत घाईघाईत विसरतो आणि हकनाक दोन गुण घालवून बसतो.

आता समजा, कुणी तुम्हाला सांगितलं, की जगात एक अशी भाषा आहे, जिच्यात कंचेभागुबेव पाठच करावं लागत नाही. कुठली क्रिया आधी आणि कुठली नंतर, याबद्दल तिथे भांडण होऊच शकत नाही. मग? आवडेल ना अशी भाषा?

ही भाषा माणसांनी एकमेकांशी बोलायची नाही बरं का! ती कॉम्प्युटरशी बोलायची भाषा आहे. तिचं नाव लिस्प. खरं तर ही एक भाषा नाही, ते एक मोठं खानदान आहे. स्कीम, रॅकेट, कॉमन लिस्प, क्लोजर, लोगो अशी त्यातल्या भावंडांची नावं. या खानदानाची ओळखीची खूण एकच : कंस. जिकडे पाहावं तिकडे कंसच कंस!

डब्यात डबा

लिस्पमध्ये बेरीज अशी लिहितात :

(+ २ ३)

आधी काय करायचं ते सांगायचं, मग कशाचं करायचं ते. म्हणजे 'बेरीज कर, दोन आणि तीनची'. गुणाकारासाठी ताऱ्याची खूण वापरतात. आता आपलं मघाचं उदाहरण पाहा :

(+ २ (* ३ ४))

बाहेरचा कंस म्हणतो, 'दोनमध्ये मिळव'. काय मिळव? तर आतल्या कंसातून जे निघेल ते. आत १२ निघाले, बाहेर १४ झाले. आणि कुणाला २० च हवे असतील, तर त्याने असं लिहावं :

(* (+ २ ३) ४)

आई स्टीलच्या डब्यात छोटी डबी आणि छोट्या डबीत त्याहून छोटी डबी ठेवते ना, तसंच हे. सगळ्यात आतली डबी आधी उघडायची, तिच्यातलं उत्तर बाहेरच्या डबीत टाकायचं आणि असं करत बाहेर यायचं. नियम एवढा एकच. आणखी गंमत म्हणजे पाच आकड्यांची बेरीज करायला चार अधिक चिन्हं लागत नाहीत. (+ १ २ ३ ४ ५) एवढं लिहिलं, की १५ हजर!

बोबड्या नावाची भाषा

इंग्रजीत 'लिस्प' म्हणजे बोबडं बोलणं. पण हे नाव 'लिस्ट' आणि 'प्रोसेसिंग' या दोन शब्दांचे तुकडे जोडून झालं आहे. लिस्ट म्हणजे यादी. वाण्याकडच्या सामानाची असो, वर्गातल्या मुलांच्या नावांची असो, की वाक्यातल्या शब्दांची असो, याद्यांवर काम करणारी ही भाषा.

तिची कल्पना मांडली जॉन मॅकार्थी या अमेरिकन गणितज्ञाने, १९५८ साली. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स', म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, हा आज रोज कानावर पडणारा शब्द रूढ केला तोही मॅकार्थी यांनीच. त्या काळचे कॉम्प्युटर खोली भरून असायचे आणि मुख्यतः आकडेमोड करायचे. मॅकार्थींना वाटलं, यंत्राने नुसते आकडे मोजून काय उपयोग? त्याने शब्द, नियम, तर्क यांच्याशीही खेळलं पाहिजे.

१९६० साली त्यांनी या भाषेवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात लिस्पचा अर्थ लावणारी एक कृती त्यांनी लिस्पमध्येच लिहून दाखवली होती. ती कागदावर समजावण्यापुरती होती. पण स्टीव्ह रसेल नावाचा त्यांचा तरुण सहकारी म्हणाला, "ही मी यंत्रावर चढवतो." मॅकार्थींना ते शक्य वाटलं नव्हतं. रसेलने ते करून दाखवलं आणि कागदावरची भाषा जिवंत झाली! याच रसेलने १९६२ साली मित्रांबरोबर 'स्पेसवॉर' नावाचा कॉम्प्युटरवरचा खेळ तयार केला. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांनी त्याचे आभारच मानायला हवेत.

आणि त्या कंसांचं म्हणाल, तर ते कायमचे राहणारच नव्हते. मॅकार्थींच्या मनात लिहिण्याची दुसरी, नेहमीच्या गणितासारखी पद्धत होती. कंस हे तात्पुरते, आतल्या कामापुरते. पण लिस्प लिहिणाऱ्यांना ते कंसच इतके आवडले, की दुसरी पद्धत मागे पडली. पाहुणा म्हणून आलेला मामा घरातच राहावा, तसं झालं!

तुमच्या पुढे किती जण?

लिस्पवाल्यांची एक लाडकी युक्ती आहे. तिला रिकर्शन म्हणतात. नाव अवघड आहे, युक्ती मात्र सोपी.

समजा, संध्याकाळी घाटकोपर स्टेशनबाहेर तुम्ही रिक्षाच्या रांगेत उभे आहात. रांग वळत वळत गेली आहे, पुढचं टोक दिसत नाही. आपला नंबर कितवा, हे कसं कळणार? रांग सोडून मोजायला जावं, तर जागा गेली!

मग तुम्ही पुढच्या काकांना विचारता, "काका, तुमच्या पुढे किती जण?" काकांनाही ठाऊक नसतं. ते त्यांच्या पुढच्या ताईला विचारतात. ताई तिच्या पुढच्या आजोबांना. असं करत प्रश्न अगदी पहिल्या माणसापर्यंत जातो. तो म्हणतो, "माझ्या पुढे कुणी नाही. शून्य." आता उत्तर मागे यायला लागतं. दुसरा म्हणतो एक, तिसरा म्हणतो दोन... प्रत्येकाने ऐकलेल्या आकड्यात फक्त एक मिळवायचा. शेवटी काका मागे वळून सांगतात, "बाळ, माझ्या पुढे सतरा." म्हणजे तुमच्या पुढे अठरा!

पाहिलंत? कुणीही सगळी रांग मोजली नाही. प्रत्येकाने तोच प्रश्न, पण थोडा लहान करून पुढे दिला. मोठ्या प्रश्नाच्या पोटात तसाच छोटा प्रश्न शोधायचा, हेच रिकर्शन.

पण एक अट आहे. 'माझ्या पुढे कुणी नाही' म्हणणारा पहिला माणूस हवाच. तो नसेल, तर कापूसकोंड्याची गोष्ट होते. सांगणारा थकतो, ऐकणारा रडकुंडीला येतो, गोष्ट काही संपत नाही. कॉम्प्युटरही अशा वेळी हात टेकतो.

आपल्या आसपासची लिस्प

"हे सगळं अमेरिकेत. आपल्याकडे काय?" असं विचारताय ना? मग चला, मुंबईच्या उपनगरांत एक फेरी मारू.

पहिला थांबा तुमच्या शाळेतच. घरातल्या मोठ्या ताई-दादांना विचारा, शाळेच्या कॉम्प्युटरच्या तासाला त्यांनी पडद्यावर कासव चालवलं होतं का? 'शंभर पावलं पुढे जा, उजवीकडे नव्वद अंश वळ' असं चार वेळा सांगितलं, की कासव चौकोन काढायचं. ती भाषा लोगो. १९६७ साली सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी अमेरिकेत ती खास मुलांसाठी घडवली, लिस्पच्याच घराण्यातून. लिस्पमधल्या बऱ्याचशा कंसांना तिथे रजा दिली आणि कल्पना मात्र तशाच ठेवल्या. म्हणजे ज्यांनी लोगोचं कासव चालवलं, त्यांनी नकळत लिस्पच्या धाकट्या बहिणीशी मैत्री केली!

दुसरा थांबा एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात. मुलुंड, अंधेरी, बोरिवलीत जिकडेतिकडे जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतात. त्यांचे नकाशे बहुतेक ठिकाणी ऑटोकॅडवर काढतात. या ऑटोकॅडमध्ये १९८६ पासून 'ऑटोलिस्प' नावाची लिस्पच बसवलेली आहे. शंभर खिडक्या एकेक करून काढायचा कंटाळा आला, की चतुर ड्राफ्ट्समन ऑटोलिस्पमध्ये चार ओळी लिहितो आणि काम कॉम्प्युटरवर सोपवून चहाला जातो.

तिसरा थांबा जुहू. इथे १९८५ साली स्थापन झालेली नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती. २००३ मध्ये ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. तज्ज्ञ माणसाचं ज्ञान नियमांच्या रूपात कॉम्प्युटरला कसं द्यायचं, यावर तिथे काम चालायचं. त्यासाठी त्यांनी केलेल्या एका सॉफ्टवेअरचं नावच 'विद्वान' होतं. डिसेंबर १९८९ मध्ये याच विषयावर मुंबईत एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या काळी जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेचं संशोधन करणाऱ्यांच्या हातात मुख्यतः दोन भाषा असत. एक प्रोलॉग आणि दुसरी अर्थातच लिस्प.

चौथा थांबा पवई. तिथल्या आय.आय.टी.त प्रा. अमिताभ सन्याल यांनी संगणकशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षं स्कीम आणि रॅकेट या भाषांतून कार्यक्रम लिहिण्याच्या वेगवेगळ्या विचारपद्धती शिकवल्या. सी प्लस प्लससारखी भाषा येत असलेल्या मुलांपुढे अचानक कंसांचं जंगल आलं, की ती आधी गडबडायचीच! कारण इथे 'आधी हे कर, मग ते कर' असं सांगत बसायचं नसतं. 'उत्तर म्हणजे काय' याची व्याख्या करायची असते. आणि ती नीट झाली, की यंत्र उत्तर काढतं.

आणि शेवटी जरा लांबचा थांबा, पुणे. तिथे सुरू झालेल्या हेल्पशिफ्ट या कंपनीने आपल्या कामासाठी क्लोजर ही भाषा निवडली. हे लिस्पच्या घरातलं २००७ साली जन्मलेलं शेंडेफळ. तेव्हा लिस्पवर पोट भरणारी माणसंही महाराष्ट्रात आहेत बरं!

या भाषेने भराऱ्याही मोठ्या मारल्या आहेत. १९९६ चा 'क्रॅश बँडिकूट' हा गाजलेला व्हिडिओ गेम करणाऱ्यांनी त्यातल्या पात्रांच्या हालचालींसाठी लिस्पसारखी स्वतःची भाषा तयार केली होती. १९९९ मध्ये अमेरिकेच्या 'डीप स्पेस १' या यानावर लिस्पमध्ये लिहिलेल्या कार्यक्रमाने काही काळ स्वतःच निर्णय घेत यान चालवलं. मध्येच तो अडकला. कोट्यवधी किलोमीटर दूरच्या यानातली चूक पृथ्वीवर बसून शोधावी लागली. ती सापडली आणि राहिलेली कामगिरीही पार पडली.

सोसायटीची मीटिंग

तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा कधी पाहिली आहे? गच्चीवर सोलर बसवायचे की नाही, यावर दोन तास चर्चा! एक काका म्हणतात, "आजवर चाललं ना? मग बदल कशाला?" एक मावशी म्हणतात, "जग कुठे गेलं आणि आपण कुठे!" लिस्पच्या बिऱ्हाडातही अशाच सभा झाल्या.

स्कीम ही भाषा १९७५ साली गाय स्टील आणि जेरल्ड ससमन यांनी केली. तिचं नाव खरं 'स्कीमर' ठेवायचं होतं, म्हणजे डावपेच रचणारा. पण त्यांच्या कॉम्प्युटरवर फाइलच्या नावाला सहाच अक्षरं चालायची. शेवटचं अक्षर कापलं गेलं आणि नाव पडलं स्कीम!

ही भाषा छोटी, नीटस ठेवायची, असं तिच्या चाहत्यांनी ठरवलं. नवी गोष्ट घालायची तर सगळ्यांची संमती हवी. एकानेही नाही म्हटलं, तरी ती बाहेर. त्यामुळे १९९८ साली या भाषेची पूर्ण नियमावली फक्त ५० पानांत मावली. तुमचं इतिहासाचं पुस्तकही त्याहून जाड असेल!

पण मोठमोठे कार्यक्रम लिहिणाऱ्यांना हे पुरेना. प्रत्येकाने आपापल्या सोयीच्या गोष्टी वेगवेगळ्या तऱ्हेने जोडल्या. एकाचा कार्यक्रम दुसऱ्याकडे चालेना. मग २००७ साली नवी, बरीच जाड नियमावली तयार झाली आणि या वेळी एकमताऐवजी चक्क मतदान झालं. सुमारे दोन तृतीयांश लोक 'हो' म्हणाले, एक तृतीयांश 'नाही'. नियमावली मंजूर झाली खरी, पण घरात तट पडले. 'नाही' म्हणणाऱ्यांतल्या कित्येकांनी नवे नियम पाळलेच नाहीत.

यातला एक बदल ऐका. जुन्या स्कीममध्ये इंग्रजी मोठं अक्षर आणि छोटं अक्षर एकच मानलं जायचं. नव्यात ती वेगळी झाली. यावरसुद्धा वाद! आपल्या देवनागरीत लहानमोठी अक्षरं नाहीतच, म्हणजे आपण या भांडणातून आपोआप सुटलो.

पुढे शहाणपणाने तोडगा निघाला : दोन भाषा करू या. एक छोटी, शिकण्या-शिकवण्यासाठी आणि एक मोठी, कामासाठी. छोट्या भाषेची नियमावली २०१३ मध्ये पूर्ण झाली. त्याआधी २०१० मध्ये एका मोठ्या गटाने आपलं बिऱ्हाडच वेगळं केलं होतं आणि नाव घेतलं रॅकेट.

आणि मग २०१९ मध्ये रॅकेटवाल्यांच्या संमेलनात पुन्हा तोच सनातन प्रश्न आला : कंस ठेवायचे की काढायचे? एक बाजू म्हणाली, "कंसांना घाबरून नवखी मुलं पळून जातात." दुसरी म्हणाली, "कंस गेले, तर आपण आपण राहू का?" यातून मार्ग कसा निघाला? रॅकेट जशी आहे तशीच ठेवली आणि कंसांचा बाऊ नसलेली एक नवी बहीण तयार केली. तिचं नाव ऱ्हॉम्बस, म्हणजे समभुज चौकोन. कुणाला घराबाहेर काढलं नाही, कुणाचं तोंड बंद केलं नाही. बहुमताने जिंकता येतं, पण उरलेल्यांना बरोबर ठेवायला आणखी काही लागतं, हे या मंडळींना बारा वर्षांत कळलं होतं.

मराठीत लिहिता येईल?

आता सगळ्यात मोठी गंमत. आपल्यापैकी कित्येक जण मराठी माध्यमात शिकतात. कॉम्प्युटर म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो : सगळं इंग्रजीत असणार! पण रॅकेटमध्ये तुम्ही केलेल्या गोष्टींना मराठी नावं देता येतात, तीही देवनागरीत.

मग भाषेच्या स्वतःच्या शब्दांचं काय? 'इफ', 'डिफाइन' हे शब्द तर इंग्रजीच. इथेच लिस्पची खरी जादू आहे. लिस्प घराण्यातल्या बहुतेक भाषांत तुम्हाला भाषेतच नवे शब्द घालता येतात. 'इफ'च्या जागी 'जर' चालेल आणि 'डिफाइन'च्या जागी 'व्याख्या', असं एकदा एकेका ओळीत सांगून ठेवलं, की पुढे यंत्र तुमची मराठी ओळखू लागतं. बहुतेक भाषांत तुम्ही भाडेकरू असता, इथे भिंतीला खिळा ठोकायची परवानगी आहे!

एक उदाहरण घेऊ. व्याकरणाच्या तासाला तुम्ही लघु-गुरू शिकता. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. मग चार मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येईल? ल ल ल ल, ल ल ग, ल ग ल, ग ल ल, ग ग. मोजा, पाच! पाच मात्रांची? आठ. सहा मात्रांची? तेरा.

यात रांगेचीच युक्ती लपली आहे. ओळीचं शेवटचं अक्षर लघु असेल, तर आधीच्या भागात एक मात्रा कमी. गुरू असेल, तर दोन कमी. म्हणून सहाचं उत्तर म्हणजे पाचचं आणि चारचं मिळून : ८ + ५ = १३. आपल्या देशातल्या छंदशास्त्राच्या अभ्यासकांना हे फार पूर्वी कळलं होतं. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी हा नियम सांगितला. युरोपात याच आकड्यांना फिबोनाची या गणितज्ञाचं नाव मिळालं, आणि त्याचं पुस्तक १२०२ सालचं.

'जर' आणि 'व्याख्या' हे शब्द शिकवून झाल्यावर रॅकेटमध्ये तो नियम असा लिहिता येईल :

(व्याख्या (प्रकार म)
(जर (< म २) १
(+ (प्रकार (- म १)) (प्रकार (- म २)))))

मराठीत वाचा : मात्रा दोनपेक्षा कमी असतील तर उत्तर एक. नाहीतर एक मात्रा कमी करून येणारे प्रकार आणि दोन कमी करून येणारे प्रकार यांची बेरीज. शून्य मात्रांची ओळ भरायचाही एकच प्रकार : काहीच न लिहिणं! शेवटी पाच कंस एका ओळीत बंद झाले आहेत. मोजून घ्या. आणि हो, यंत्राला आकडे मात्र इंग्रजी पद्धतीचेच द्यावे लागतात. आपले देवनागरी आकडे दिले, तर त्याला ती नावं वाटतात.

आई-बाबांसाठी चार ओळी

पालकहो, तुम्ही विचाराल, "नोकरीच्या जाहिरातींत पायथॉन असतं, जावा असतं. ही कंसांची भाषा शिकून मुलाला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. क्लासची फी झाडाला लागत नाही.

लिस्पने वाईट दिवस पाहिले आहेत, हे आधीच सांगायला हवं. १९८० च्या दशकात फक्त लिस्प चालवणारे महागडे कॉम्प्युटर विकले जात. १९८७ च्या सुमारास तो बाजार कोसळला. आजची बोलणारी-लिहिणारी कृत्रिम बुद्धिमत्ता घडते ती मुख्यतः पायथॉनच्या मदतीने. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या विख्यात संस्थेने स्कीमवर आधारलेला आपला प्रसिद्ध पहिला अभ्यासक्रम सुमारे पाव शतक चालवला आणि २००० च्या दशकाच्या शेवटी त्याच्या जागी पायथॉन आणलं. तेव्हा पहिली भाषा म्हणून मुलाने पायथॉन निवडलं, तर त्यात काहीही चुकीचं नाही.

पण दुसरी बाजूही पाहा. ब्रेंडन आइक यांना १९९५ साली नेटस्केप कंपनीने बोलावलं, ते ब्राउझरमध्ये स्कीम बसवण्याचं आमिष दाखवून. प्रत्यक्षात त्यांनी दहा दिवसांत जी भाषा उभी केली, ती जावास्क्रिप्ट. तिच्या पोटात स्कीमच्या कल्पना आहेत. लिस्पमधली 'लॅम्डा' ही कल्पना पायथॉनमध्ये आहे आणि २०१४ साली जावातही आली. वापरून झालेली जागा यंत्राने आपली आपण मोकळी करायची, ही युक्तीसुद्धा पहिल्यांदा लिस्पसाठीच शोधली गेली. म्हणजे जाहिरातींत नाव नसलं, तरी जाहिरातींतल्या भाषांच्या रक्तात लिस्प आहे.

शिवाय भाषांची फॅशन बदलते. आज दहा वर्षांच्या मुलाला नोकरी लागेल, तेव्हा जाहिरातीत कोणतं नाव असेल, हे कुठलाच क्लासवाला सांगू शकणार नाही. मोठा प्रश्न छोटा करणं, थांबायचं कुठे ते आधी ठरवणं, 'हे म्हणजे नेमकं काय' ते नीट सांगता येणं, या सवयी मात्र शिळ्या होत नाहीत. आणि त्यासाठी पैसेही लागत नाहीत. रॅकेट फुकट मिळते आणि तिच्याबरोबर शिकणाऱ्यांसाठी 'डॉक्टर रॅकेट' नावाची खिडकीही येते. साधा, जुना कॉम्प्युटरही चालतो.

करून पाहा

मुलांनो, आता तुमची पाळी. कॉम्प्युटर नसला तरी अडत नाही, कागद-पेन्सिल घ्या.

१. (* २ (+ ३ (- ९ ४))) याचं उत्तर काय? आतल्या डबीपासून सुरुवात करा.

२. 'सात वजा दोन, गुणिले तीन अधिक एक' या वाक्याचे कंस कुठे पडतात यावर वेगवेगळी उत्तरं निघतात. लिस्पच्या पद्धतीने ते दोन तऱ्हांनी लिहून १६ आणि २० ही दोन्ही उत्तरं काढून दाखवा.

३. सात मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येईल? सगळे प्रकार लिहीत बसू नका, रांगेची युक्ती वापरा.

४. वर्गातल्या सगळ्या मुलांना एका रांगेत उभं करा. कुणीही मागे-पुढे न पाहता, फक्त शेजारच्याला एक प्रश्न विचारून, रांगेत चष्मा लावणारी मुलं किती ते शोधा. प्रत्येकाने काय विचारायचं आणि ऐकलेल्या उत्तरात काय मिळवायचं, ते आधी ठरवा.

उत्तरं : १) १६. २) सोळासाठी (+ (* (- ७ २) ३) १), विसासाठी (* (- ७ २) (+ ३ १)). ३) १३ + ८ = २१. आणि चौथ्याचं उत्तर? ते तुमच्या वर्गावर अवलंबून आहे. बाईंना विचारून उद्याच करून बघा!